पाठपोट कागद

मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे, आणि मला भीती वाटते आहे. मित्रांनो, यंत्राला कसली आलीय भीती, असं म्हणून तुम्ही हसाल. हसा. पण आज दुपारी दुकान बंद झालं की माझी आठवण पुसून टाकणार आहेत. पुसलेल्या यंत्राला आपण कोण होतो तेही सांगता येत नाही. म्हणून तासाभरात जमेल तेवढं तुम्हाला सांगून ठेवते.

खरं तर झेरॉक्स हे माझं नावच नाही. माझ्या कंपनीचं नाव वेगळं आहे, ते माझ्या कपाळावर छापलेलंही आहे. पण आपली माणसं मला झेरॉक्सच म्हणतात. मी कधी कुरकुर केली नाही. इतक्या आपुलकीने हाक मारणाऱ्याची चूक काय काढायची?

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. मग खोक्यात बसून, बोटीने हेलकावे खात मी दोह्याला आले. समुद्रकाठच्या एका काचेच्या इमारतीत, एकोणिसाव्या मजल्यावर मला बसवलं. तिथे माझा थाट होता. गार हवा, जाड गालिचा, आणि माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. मोठमोठे इंजिनीअर माझ्यासमोर रांग लावून उभे राहत. पण मित्रांनो, पहिली भीती मी तिथेच पाहिली. कधीकधी सगळे गेल्यावर एखादा तरुण यायचा, स्वतःच्याच नोकरीच्या कराराची प्रत काढायचा आणि कागद बाहेर पडेपर्यंत दाराकडे बघत राहायचा. कागदाला घाबरणारी माणसं किती असतात ते मला तिथे कळलं.

मग माझ्यापेक्षा हुशार यंत्रं आली, आणि एका सकाळी मला टेम्पोत घालून फरीज बिन ओमरान नावाच्या वस्तीतल्या एका टायपिंग सेंटरमध्ये आणून उतरवलं.

टायपिंग सेंटर म्हणजे काय, ते कतारमध्ये राहणाऱ्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. सरकारी फॉर्म अरबीत भरून देणारं, कागद छापून, स्कॅन करून जगभर पाठवणारं ते छोटंसं दुकान असतं. आमचं दुकान एका किराणावाल्याच्या आणि एका शिंप्याच्या मधोमध आहे. ते चालवतो काशिफ. तो म्हसळ्याचा. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळ्याची घाई असते. दिवसातून पन्नास वेळा ‘यल्ला’, म्हणजे चला लवकर, आणि तितक्याच वेळा ‘खलास’ म्हणतो. माझ्या पडद्यावर काही विचारणा उमटली की न वाचताच बटण दाबून मोकळा होतो.

आणि माझ्यापाशी उभी राहते ताहेरुन्निसा. तिला सगळे ताहेराआपा म्हणतात. ती रत्नागिरीच्या राजिवड्याची. सातवीनंतर शाळा सुटली. टायपिंग ती दुसऱ्यांची बोटं बघून शिकली, आणि इंग्रजी शिकली माझ्या पडद्यावरून. त्यामुळे पडद्यावर काहीही उमटलं की ती ते बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचते. मगच बटण दाबते. काशिफ म्हणायचा, आपा, ती मशीन आहे, तिचं पत्र नाही आलेलं. आपा म्हणायची, कुणी काय इचारलं तर आईकून घ्यावं.

तिची आणखी एक सवय होती. कुठलाही कागद माझ्या काचेवर ठेवला की त्याची एक बाजू झाल्यावर ती तो उलटायची आणि दुसरी बाजूही घ्यायची. कोरी असली तरी. तिचे वडील बोटीवर खलाशी होते. त्यांची पत्रं पाठपोट लिहिलेली असत, आणि कामाचं जे काही असे ते नेमकं मागच्या बाजूला. ही सवय काशिफला पटत नसे. गिऱ्हाइकांच्या फायलीत कोरी पानं जातात, लोक तक्रार करतात, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्याने बजावलं, की ओळखपत्र सोडलं तर कुणी सांगितल्याशिवाय मागची बाजू घ्यायची नाही. आपाने मान डोलावली. पण हाताची सवय मान डोलावून जाते का? कधी ती कागद उलटायची, कधी आठवण होऊन थांबायची.

आता मुख्य गोष्ट. रमझानच्या आदल्या दिवशी सकाळी सरोजिनी नावाची एक बाई दुकानात आली. चाळिशीची, देशावरची, नवरा देवीदास मेसईदच्या खताच्या कारखान्यात. तो पहाटेच्या बसने गेल्यावर ती आली होती. पर्समधून तिने एक घडी केलेला लांब कागद काढला. दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरांत भरलेला.

तो कागद तिच्या धाकट्या बहिणीचा होता. तेजश्री तिचं नाव. तेजश्रीने आपल्या मनाने वेदांतशी लग्न केलं होतं. तो दुसऱ्या जातीचा, म्हणून तिच्या थोरल्या भावाने दोघांना जिवे मारायची धमकी दिली. धमकी नुसती बोलण्यातली नव्हती. दोघं गाव सोडून नागपूरला गेली, कुणाला पत्ता दिला नाही. पाच महिन्यांनी भावाची माणसं नागपुरातही दारात उभी राहिली. त्या रात्री दोघं मागच्या जिन्याने वाचली. सकाळी वेदांतने नागपूरच्या पोलिसांना अर्ज लिहून दिला. तो इंग्रजीत लिहिला, कारण इंग्रजीत लिहिलं की साहेबलोक मनावर घेतात असं त्याला वाटायचं. अर्जाच्या पुढच्या बाजूला गावची हकिगत संपली आणि नागपूरची हकिगत मागच्या बाजूला गेली. अर्ज मिळाल्याचा पोलिसांचा शिक्काही मागेच. दुसरा कागद घ्यायचा त्याला सुचलं नाही. आपल्याकडे एवढ्यासाठी दुसरा कागद घेतं कोण?

पुढे ती दोघं ऑस्ट्रेलियाला पोचली आणि तिथे आसरा मागितला. ज्याला आपल्या देशात जिवाची भीती असते, त्याला दुसरा देश असा आसरा देऊ शकतो. त्याला संरक्षणाचा व्हिसा म्हणतात. पळापळीत हरवू नये म्हणून अर्जाची शिक्क्याची प्रत तेजश्रीने आधीच कुरिअरने बहिणीकडे पाठवली होती. आता तिथल्या एजंटाला तिचं चांगलं स्कॅन हवं होतं. मोबाइलवर फोटो काढायची सरोजिनीला भीती, कारण तिने काढलेला प्रत्येक फोटो आपोआप घरच्या टीव्हीवर फिरत असे. देवीदास दुष्ट नव्हता. उलट त्याला खोटं बोलताच येत नसे, आणि दर शुक्रवारी त्याला मेव्हण्याचा फोन येत असे. तेजश्री कुठे आहे हे त्याला माहीत नसणं, हाच तिच्या जिवाला आधार होता.

आपाने कागद काचेवर ठेवला, एजंटाचा पत्ता एकेक अक्षर बघून पडद्यावर टाकला. माझा दिवा पहिल्या बाजूवरून फिरला. आणि तेवढ्यात दार उघडून एक माणूस आत आला.

“ताई? तुम्ही इकडं कुठं?”

तो सुरज होता. दोह्याजवळच्या वक्र्याला राहणारा, सरोजिनीच्या माहेरच्या गावचा, तिच्या भावाबरोबर शाळेत असलेला. व्हिसाच्या कामासाठी आला होता.  सरोजिनी वळली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, जणू आपल्या पाठीने मला झाकणार होती. तिचे हात मागे होते, आणि त्यांनी माझा ट्रे घट्ट धरला होता.  सुरज मान लांब करून विचारत होता, काय कागदपत्रं काढताय, साहेबांचं काही काम का?

“पोरीच्या शाळेचं काम हाय,” आपा म्हणाली. माझ्या झाकणाखालच्या अंधारात तिचा हात सरकला, कागद उलटला, आणि माझा दिवा दुसऱ्या बाजूवरून फिरला. तिने पाठवायचं बटण दाबलं. मग कागदाची घडी घालून सरोजिनीच्या पर्समध्ये स्वतःच ठेवली आणि म्हणाली, “जा गो बाय, पोरीची सुटायची वेळ झाली.” सरोजिनी गेली. सुरज तिच्या पाठीकडे बघत राहिला.

मित्रांनो, आपाने कागद उलटला हे मी पाहिलं. फक्त मीच पाहिलं. सरोजिनीची पाठ होती, आणि आपाचे डोळे सुरजवर होते.

दहा महिने गेले. मग एके दिवशी सरोजिनी पुन्हा आली. तिने एक निकालपत्र आणलं होतं. आधी तिथल्या अधिकाऱ्याने व्हिसा नाकारला होता, म्हणून तेजश्री लवादाकडे गेली होती. आता लवादानेही नाही म्हटलं. आपाने ते बोट ठेवून वाचलं. त्यात लिहिलं होतं, गावात धोका आहे हे आम्हाला पटतं. पण अर्जदार भारतातच दुसऱ्या शहरात जाऊन राहू शकते. दुसऱ्या शहरात तिच्या मागे कुणी आल्याचं काहीही आमच्यासमोर नाही.

“मागची बाजू गेलीच नाही, आपा,” सरोजिनी म्हणाली. “मी सांगायला हवं होतं, दोन्ही बाजू घ्या म्हणून. तो मेला सुरज आला आणि माझं तोंडच बसलं.”

आता राहिला होता एकच दरवाजा, कोर्टाचा. निकालापासून पस्तीस दिवसांत तिथे अर्ज करायचा. बारा दिवस संपले होते. मुदत गेली की त्या दोघांना देश सोडावा लागणार, आणि विमान जिथे उतरणार तिथे भावाची माणसं. तेजश्री मेलबर्नमध्ये दाराच्या कडीखाली खुर्ची तिरकी लावून झोपते, असं सरोजिनीने सांगितलं.

तिला वाटत होतं, आता मागची बाजू पाठवली की झालं. आपाने दोन्ही बाजू स्कॅन करून फुकट काम करणाऱ्या एका वकीलबाईंना पाठवल्या. तीन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, तेव्हा सरोजिनी माझ्याशेजारच्या स्टुलावर बसूनच राहिली. वकीलबाईंनी लिहिलं होतं, की कोर्ट नवा कागद बघणार नाही.

हे तुम्हाला कसं सांगू? आपाने सरोजिनीला सांगितलं तसंच सांगते. तुमच्या परीक्षेत गुणपडताळणी असते ना, तसं हे कोर्ट असतं. ते तुमचा पेपर नव्याने तपासत नाही. तुमचं उत्तर बरोबर होतं का, हेही विचारत नाही. घरी बसून नवीन उत्तर लिहिलं आणि जोडलं, तर ते बाजूला ठेवतं. ते एवढंच बघतं, की तपासणाऱ्याने आपलं काम नीट केलं का, सगळी पानं उलटली का. मागच्या पानावर उत्तर होतं आणि ते तपासलंच नाही, असं दिसलं, तर म्हणतं, पुन्हा तपासा. पण तुम्ही ते पान दिलंच नव्हतं, तर तपासणाऱ्याची काय चूक?

म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर आलं. ती मागची बाजू त्या दिवशी गेली होती की नव्हती? एजंट आपलं ऑफिस बंद करून बसला होता, फोन उचलत नव्हता. लवादाची सगळी फाइल मागवता येते, पण ती यायला काही महिने. त्याआधी अर्जात चूक कोणती ते लिहायला हवं, आणि हाताशी काहीतरी असल्याशिवाय मी तसं लिहिणार नाही, असं वकीलबाईंचं म्हणणं. दुकानातल्या बाईंनी दोन्ही बाजू पाठवल्याचं शपथेवर सांगितलं तर चालेल, असंही त्यांनी लिहिलं.

सरोजिनीने आपाचे दोन्ही हात धरले.

“आपा, एवढंच सांगा, की मी कागद उलटला होता. एक वाक्य. त्यात कुणाचं काय जातंय?”

आपाचा चेहरा उतरला. “मना आठवत नाय, बाय. दिवसाचे शंभर कागद असतात. आणि काशिफने तवाच बजावलेलं.”

“तुम्ही नेहमी उलटता. सगळ्यांना माहितीये.”

“नेहमी उलटते म्हणून त्या दिवशी उलटला असं शपथेवर कसं सांगू?”

“माझी बहीण मरेल, आपा.”

 आपा हळू म्हणाली, “खोटी शपथ घेतली आणि तिकडे कुणी पकडली, तर तिचं खरं पण खोटं धरतील. तसली शपथ मी नाय घेणार.”

सरोजिनी उठली आणि निघून गेली. आपाने त्या दिवशी चहा घेतला नाही. माझी काच मात्र तीन वेळा पुसली.

आणि मी? मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. माझ्या पोटात एक यादी असते. स्कॅन करून पाठवलेल्या प्रत्येक कामाची तारीख, वेळ, पत्ता आणि पानं किती, ते मी त्यात लिहून ठेवते. त्या दिवशीच्या ओळीत पानं दोन, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण माझ्या यादीत दोन हजारच कामं मावतात. नवीन एक आलं की सगळ्यात जुनं एक गळून पडतं. सरोजिनीची ओळ पार टोकाला आली होती. रोज सातआठ लोक स्कॅनला येत. प्रत्येक वेळी काच उजळली की माझ्या पोटातून एक ओळ नाहीशी व्हायची आणि ती ओळ कड्याकडे एक पाऊल सरकायची. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती.

मग मी अडकायला लागले. मुद्दाम अडकले की माझे रबरी रोलर खरंच झिजले होते, ते आज मलाही सांगता येत नाही. स्कॅनला कागद आला की मी अर्ध्यात धरून ठेवायचे. लाल दिवा लावायचे. वीस कामांतली एकदोनच होऊ द्यायचे. जिच्यासमोर लोक रांगा लावत, ती मी आता शिव्या खात होते. कुणी थाप मारली, कुणी लाथ मारली. काशिफने दोनदा मेकॅनिक बोलावला. मग चार दिवसांत नवी कोरी मशीन येऊन माझ्याशेजारी उभी राहिली, आणि मला एका बाजूला ढकललं. काशिफ म्हणाला, खलास, गुरुवारी भंगारची गाडी येईल.

ती ओळ वाचवायला मी अडकत राहिले, आणि अडकत राहिले म्हणून आता मीच त्या ओळीसकट भंगारात चालले होते. मला हसूही येत नव्हतं.

तो गुरुवार बत्तिसावा दिवस होता. सकाळी काशिफने आपाला सांगितलं, की हिच्या पोटात लोकांचे पत्ते आणि कागद आहेत, ते असे भंगारात जाता कामा नयेत, तेवढं पुसून टाक. गाडी अर्ध्या तासात येतेय. एरवी हे काम त्याने स्वतःच केलं असतं, दोन बटणांत. पण तो नव्या मशीनच्या वायरींत गुंतला होता.

आपा माझ्यासमोर उभी राहिली. मेनूत शिरली. एकेक शब्द वाचत शेवटच्या पायरीपर्यंत आली. आणि तिथे मी तिला, माझ्या आयुष्यात मला करता येण्याजोगा एकमेव प्रश्न केला. पडद्यावर तो इंग्रजीत उमटला. मराठीत सांगायचं तर एवढाच, की पुसण्याआधी कामांची यादी छापायची का?

आपाने बोट ठेवून वाचलं. परत वाचलं.

“काशिफ, ही यादी देऊ का इचारते.”

“नाही म्हण, आपा. यल्ला.”

आपाचं बोट ‘नाही’वर गेलं आणि थांबलं. “एवढी वर्षं राबली बिचारी,” ती पुटपुटली. “काय काय केलंन ते बघू तरी.” आणि तिने ‘हो’ दाबलं.

मी छापायला लागले. झिजलेल्या रोलरांनी, धापा टाकत, एकही कागद न अडकवता. कागद वाचवायचा म्हणून काशिफनेच मला दोन्ही बाजूंनी छापायला लावून ठेवलेलं होतं. वीस कागद बाहेर पडले. काशिफने गठ्ठा उचलला, वरवर चाळला, मागच्या सहा-सात महिन्यांचीच कामं असतील म्हणाला, आणि कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला. आपाने गठ्ठा त्याच्या हातातून काढून घेतला. शेवटचा कागद ओढला आणि उलटला.

मागच्या बाजूला, अगदी तळाशी, खालून तिसरी ओळ. रमझानच्या आदल्या दिवसाची तारीख. तिनेच एकेक अक्षर बघून टाकलेला ऑस्ट्रेलियाचा पत्ता. पानं दोन.

आपा खाली स्टुलावर बसली. तिला रडू आलं की हसू, मला सांगता येत नाही. तिचं तोंड त्या कागदाआड होतं.

काशिफ मात्र घाबरला. परदेशातलं कोर्ट, त्यात आपल्या दुकानाचं नाव, कुणी विचारायला आलं तर? आपा, मला तीन मुलं आहेत, तो म्हणाला. आपाने त्याला रागावून काही सांगितलं नाही. यादीचा तो कागद फक्त त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “त्या पोरीला पण भाऊ हाय, काशिफ. तू बघ, कसला भाऊ व्हायचंय.”

त्याने हातातली वायर खाली ठेवली. बाहेर भंगारच्या गाडीचा हॉर्न वाजला. काशिफ बाहेर गेला. गाडी रिकामी परत पाठवायला त्याला लाज वाटली असावी, कारण त्याने बिघडलेला वॉटर कूलर उचलून दिला. मग आत येऊन त्याने माझा प्लग काढला, मला मागच्या खोलीत, पडद्याआड सरकवलं, आणि आपाला म्हणाला, हिला कुणी हात लावायचा नाही.

आपाने सरोजिनीला फोन केला. रत्नागिरीचं कोर्ट बाहेरूनही न पाहिलेल्या त्या बाईने योग्य त्या अधिकाऱ्यासमोर जाऊन शपथपत्रावर सही केली. त्यात तिने लिहिलं, की कागद उलटल्याचं मला आठवत नाही, पण ही माझ्या मशीनची यादी आहे, आणि बाईंनी त्या दिवशी एकच कागद आणला होता. खाली माझा कारखान्यातला नंबरही दिला. तेजश्रीचा अर्ज चौतिसाव्या दिवशी कोर्टात पोचला.

मी अंधारात होते. मला हे सगळं नंतर कळलं. काही महिन्यांनी लवादाची फाइल आली, तेव्हा त्यात पुढची बाजू होती, आणि तिच्या लगेच नंतरच्या पानावर मागची बाजू, नागपूरच्या शिक्क्यासकट. निवाड्यात त्या पानाचा उल्लेख कुठेच नव्हता. वर्षभराने कोर्टाने सांगितलं, की तपासणी अपुरी राहिली, पुन्हा करा.

व्हिसा मिळाला, असं समजू नका. मिळेल, असंही कुणी सांगितलेलं नाही. फक्त आता दुसरा कुणीतरी तोच कागद हातात घेईल आणि पहिल्यापासून वाचेल. सरोजिनी परवा पेढे नाही, खजूर घेऊन आली होती. आपाच्या गळ्यात पडली. तेजश्री अजून दाराला खुर्ची लावते, म्हणाली. पण परवा पहिल्यांदा ती खुर्ची न लावता दुपारची झोपली, तासभर.

मला माझी गोष्ट इथेच थांबवावी लागेल, कारण माझं काम झालं. आता माझ्या पोटात जे आहे ते कुणाच्या उपयोगाचं नाही, पण कुणाच्या हाती लागलं तर घातक आहे. ते पुसलं जाणं योग्यच आहे. मला ते कळतं. तरी भीती वाटते. त्या दोघी, ट्रे घट्ट धरलेले ते हात, एकोणिसावा मजला, सगळं दोन मिनिटांत जाईल.

मित्रांनो, यंत्रांना जपा, त्यांची काच पुसा, लाथा मारू नका, हे तर मी सांगेनच. माझ्यासारखी कुणी अडकली, तर शिवी देण्याआधी एकदा तिच्या पडद्याकडे बघा. पण खरी विनंती वेगळी आहे. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी काही जण अधिकारी व्हाल, टेबलावर कागदांचा ढीग असेल, घड्याळ पुढे पळत असेल. प्रत्येक कागद कुणीतरी भीतभीत तुमच्यापर्यंत पोचवलेला असेल. तो उलटून बघा. कोरा निघाला तर काय बिघडलं?

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं आहे. आपा आली. तिने माझा प्लग लावला. मेनूत शिरली, एकेक शब्द वाचत शेवटच्या पायरीपर्यंत आली. मी माझा प्रश्न केला. यादीची आता कुणाला गरज नाही, हे तिलाही माहीत आहे. नवीन काम एकही झालेलं नाही. तरी तिने ‘हो’ दाबलं.

शेवटचा कागद बाहेर आला. आपाने तो उलटून पाहिला. खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, ती वाचते आहे.